आमच्या नावाच्या फायली

टोपल्या विणणाऱ्या कैकाडी समाजाच्या इतिहासावर कैकाडी बाईनं पीएचडी करायची म्हटलं, की पहिला प्रश्न वस्तुनिष्ठतेचा येतो. मला तो प्रवेशाच्या मुलाखतीत आला, पुढे संशोधन सल्लागार समितीपुढे आराखडा मांडताना आला, आणि एकदा कँटीनमध्ये चहा पिताना एका सहसंशोधकानं अगदी काळजीच्या सुरात विचारला, "स्वतःच्याच समाजावर काम करतेयस, तटस्थ कशी राहशील?" त्याचा स्वतःचा विषय होता आपल्याच घराण्याच्या वतनाचे कागद. त्याला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यालाही ते कधी सुचलं नसावं.

सुरुवातीला मी उत्तर तयार ठेवून जायचे. 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिणारी मुक्ता साळवे त्याच समाजातली होती, फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुलगी. 1916 च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात जातीच्या उगमावर निबंध वाचणारा पंचवीस वर्षांचा विद्यार्थी जातीबाहेरचा थोडाच होता? ज्याला चटका बसलाय त्यानं चटक्याचा अभ्यास करायचा, ही महाराष्ट्रातली जुनी वाट आहे, असं मी म्हणायचे. समिती मान डोलवायची. उत्तर बरोबर होतं, पण पाठ केलेलं होतं. त्यात माझी भर काहीच नव्हती.

माझ्याकडे तेव्हा होतं तरी काय? आजीच्या तोंडून ऐकलेलं "तारेच्या आत" एवढंच. आजी आणि आजोबा दोघांचाही जन्म सोलापूरच्या सेटलमेंटमधला. हा शब्द घरात कधी मोठ्यानं निघायचा नाही. पाहुणे आले की विषय बदलायचा. आम्ही मूळचे कुठले, असं विचारलं तर आई म्हणायची, "सोलापूरचेच की." मग पुढे काही विचारायचं नाही, हे आम्हा भावंडांना न सांगता कळलेलं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. 1871 साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911 च्या दुरुस्तीनं तो मुंबई इलाख्यापर्यंत आला आणि 1924 मध्ये पुन्हा नव्यानं मांडला गेला. जमात एकदा 'गुन्हेगार' म्हणून जाहीर झाली, की तिच्यातल्या माणसांची नावं पोलिसांच्या रजिस्टरात चढवता यायची, बोटांचे ठसे घेता यायचे, हजेरी लावता यायची. मग परवान्याशिवाय बाहेरगावी जायची सोय उरायची नाही. काहींना थेट तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत ठेवलं गेलं, तीच सेटलमेंट. तिथल्या माणसांना सोलापुरात गिरण्यांच्या कामावर धाडलं जायचं. मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवायची तरतूदही कायद्यात होती. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा देशभरातून गेला, म्हणून आमच्याकडे त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. देश सुटल्यावर पाच वर्षांनी आम्ही सुटलो.

हे सगळं छापील पुस्तकांत होतं आणि ते वाचून मला राग यायचा. रागाच्या भरात मी पहिला आराखडा लिहिला, तो मार्गदर्शक सरांनी परत दिला. त्यावर पेन्सिलीनं एकच वाक्य होतं, "हे भाषण आहे, प्रश्न कुठे आहे?" सर बोलायला कमी आणि वाचायला कडक. मला वाईट वाटलं, पण त्यांच्याशी भांडायला मुद्दा सापडेना.

मग मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. सरांचं पत्र, अर्ज, ओळखपत्र, हे झालं की सूचीचे जाड खंड समोर येतात. गृह आणि न्याय खात्याच्या सूचीतून आपल्या उपयोगाची फाईल असेल असं वाटणारी नोंद हुडकायची, चिठ्ठी भरायची आणि वाट बघायची. कधी फाईल येते, कधी "जागेवर नाही" असा शेरा मारलेली चिठ्ठीच परत येते. आली तर कागदाच्या कडा बोटाला लागताच तुटतात, त्यामुळं पान उलटायला दोन्ही हात लागतात. शेजारच्या टेबलावर कुणी जहाजांवर काम करत असतं, कुणी प्लेगवर. मी आमच्या नावाच्या फायली वाचत असायचे.

त्याच काळात मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्यानं मुंबई इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वर 1908 साली काढलेलं पुस्तक नीट वाचलं. पोलिसांच्या वापरासाठीचं ते हातपुस्तकच. प्रत्येक जमातीची माहिती ठरलेल्या मथळ्यांखाली: वस्ती कुठे, दिसतात कसे, बोलतात काय, वेषांतर कसं करतात, गुन्हे कुठले, चोरीचा माल लपवतात कुठे. त्यातला एक मथळा उपजीविकेचा आहे, पण नुसता उपजीविकेचा नाही. तो आहे 'वरकरणी दाखवायची उपजीविका'. म्हणजे खरा धंदा चोरीचा आणि बाकी जे काही करतात ते लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायला.

तिथं मी थांबले. कारण टोपली कशी होते हे मला ठाऊक आहे. आजी तुरकाठ्या निवडायची त्या एका जाडीच्या. वाळून कडक झालेल्या मोडतात, म्हणून आधी भिजत घालायच्या. बुडाला काठ्या आडव्या-उभ्या मांडून पायाच्या अंगठ्यानं दाबून धरायच्या, मग उभ्या काठ्या वर मुरडून भोवतीनं विणत जायचं. विणताना हात ढिला पडला तर टोपली एका अंगाला कलते आणि बाजारात कुणी हात लावत नाही. शेवटी कड वळवायची. तिथं काठीचं टोक आत दडवावं लागतं, नाहीतर डोक्यावर घेणारीच्या कपाळाला ते टोचणार. आजीच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली होती. दाखवण्यापुरत्या धंद्यानं बोटं वाकडी होत नाहीत.

हे वाक्य मी सरांपुढे असंच म्हटलं. सर म्हणाले, "ठीक. पण हे तुझं उत्तर झालं. आता यातून प्रश्न काढ."

प्रश्न निघायला बरेच दिवस लागले. आमची माणसं परवान्याविना बाहेरगावी सापडली, संशयास्पद रीतीनं हिंडताना सापडली, अशा तक्रारी फायलींत जागोजागी होत्या. अधिकाऱ्याच्या लेखी हिंडणं म्हणजे भटकण्याची खोड. मला मात्र आजीचं वर्ष आठवत होतं. तूर निघाली की शेताशेतांतून तुरकाठ्या मिळतात, आणि त्याच सुमारास धान्य साठवायला कणग्या लागतात. माल तेव्हाच मिळतो आणि गिऱ्हाईकही तेव्हाच असतं. तेव्हा गावोगाव फिरलं नाही तर वर्षभर खायचं काय? मग मी विचारायला लागले, ही माणसं कुठल्या महिन्यात सापडली? अधिकाऱ्यानं तारीख लिहिली होती ती गुन्ह्याची म्हणून. मी ती हंगामाची म्हणून वाचायला लागले.

इथं एक सांगायला हवं. या प्रश्नाचं उत्तर प्रबंधात नाही. तारखा असलेले कागद फार थोडे होते, तेही विस्कळीत. त्यावरून "पोलिसांनी हंगामी धंद्याला गुन्हा ठरवलं" असं ठोकून देता आलं असतं आणि वस्तीत टाळ्याही पडल्या असत्या. सरांनी विचारलं, "पुरेसा पुरावा आहे?" नव्हता. मग तो प्रश्न म्हणूनच छापला, कुठल्या प्रकारचे कागद सापडले तर तो सुटेल हेही लिहिलं. वस्तुनिष्ठतेची काळजी करणाऱ्यांना हे प्रकरण मी आवर्जून वाचायला देते.

मोडी शिकले ती अर्जांसाठी. इंग्रजी टिपणांच्या मध्ये कुठेतरी एखादा देशी कागद शिवलेला असायचा, अर्जनवीसाच्या सराईत मोडी अक्षरातला, खाली अंगठा. असाच एक अर्ज होता मुलीच्या लग्नाला जायला रजा मिळावी म्हणून. वस्तीतल्या एका माणसाचा. लग्न कुठं, कधी, कोण सोबत येणार, परत कधी, जामीन कोण, सगळं लिहिलेलं. साहेबाला काय काय विचारायचंय हे आधीच ओळखून लिहिलेला कागद तो. रजा मिळाली की नाही, ते त्या फाईलमध्ये नाही. पुढचं पान गिरणीतल्या मजुरांच्या संख्येबद्दल आहे. पण तोवर फायलींत आमची माणसं म्हणजे नुसत्या याद्या होत्या. हा पहिला माणूस, जो स्वतःची बाजू नीट लावून बोलत होता. मी त्या कागदावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. समितीतल्या एकांना ते फार वाटलं. एका अर्जावर चाळीस पानं कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला अजूनही ती कमी वाटतात.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो स्टार्ट नावाच्या अधिकाऱ्यानं. मुंबई इलाख्यातल्या सेटलमेंटांचा कारभार बघणारा हा आय.सी.एस. अधिकारी. माझ्या पहिल्या आराखड्यात तो सरळसोट खलनायक होता. पुढे वाचताना कळलं, 1928 साली दलित आणि आदिवासींच्या परिस्थितीची चौकशी करायला मुंबई सरकारनं जी समिती नेमली तिचा अध्यक्षही हाच, आणि त्या समितीत डॉ. आंबेडकर सदस्य होते. तारेच्या आत माणसं ठेवणारा आणि या समितीच्या अहवालावर सही करणारा हात एकच. या माणसाला आपण लोकांचं भलं करतोय असं मनापासून वाटत होतं, हे त्याच्या लिहिण्यातून कळतं. ते मान्य केलं म्हणून तार मऊ होत नाही. उलट मला ते जास्त भयंकर वाटतं. पण दुष्ट माणसाची गोष्ट लिहिणं सोपं होतं. ही लिहायला मला वाक्यं पुन्हा पुन्हा खोडावी लागली.

वसतिगृहात माझ्या खोलीत तामिळनाडूची मुलगी होती. मी घरी फोनवर आजीशी आमच्या बोलीत बोलत होते, मापं की पैसे असलं काहीतरी मोजत होते. फोन ठेवल्यावर तिनं ते आकडे मला तमिळमध्ये मोजून दाखवले. दोघी हसलो. इंग्रजी अमदानीत ग्रिअर्सननं केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या 1906 च्या चौथ्या खंडात कैकाडी तमिळखालीच घातलेली आहे, हे मी वाचलेलं होतं. तरी ते कानावर पडणं वेगळं. त्या रात्री 'आम्ही मूळचे दक्षिणेतले, कुणा राजाच्या फौजेबरोबर आलेले' अशी मोठी गोष्ट मनात तयार होऊ लागली होती. सकाळी ती वहीत उतरवायला बसले, तर कधी आले, कोणाबरोबर, कशावरून, एकाही प्रश्नाला उत्तर नाही. बोलीचं नातं आहे, एवढं पक्कं. पुढचं सगळं मला हवं होतं म्हणून होतं.

वस्तीतल्या जाणत्यांना मात्र तीच गोष्ट हवी होती. मुलाखतींसाठी फिरले तेव्हा कैक ठिकाणी स्वागत झालं ते "आपल्या समाजाचा खरा इतिहास लिहिणारी पोरगी" म्हणून. खरा म्हणजे राजाचा. एका अण्णांनी तर वंशावळ लिहूनच ठेवली होती, थेट महाभारतापासूनची. मी ती आदरानं घेतली आणि प्रबंधात परिशिष्टात घातली, 'समाजात प्रचलित असलेली कथा' या शीर्षकाखाली. अण्णा नाराज झाले. "इंग्रजानं चोर लिहिलं ते मधल्या पानावर, आणि आम्ही सांगितलं ते मागं?" त्यांच्या या बोलण्यात दम होता, आणि मी त्यावर बराच विचार केला. शेवटी वंशावळ मागेच राहिली, पण तशी वंशावळ लोकांना का लागते यावर मधल्या पानांत लिहिलं. अण्णा अजून पूर्ण खूश नाहीत.

त्याहून अवघड होती जातपंचायत. बाया तिच्याबद्दल बोलायच्या ते टोपल्या विणता विणता, वर न बघता. दंड कसला, तो कुणी भरला, जातीबाहेर टाकल्यावर माहेरचं दार कसं बंद झालं. माझ्या एका आत्यानं सगळं सांगितलं आणि मग म्हणाली, "कशाला उकरून काढायलीस? आधीच लोक आपल्याला काय कमी बोलत्यात?" थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "लिही. पर माझं नाव नको." ते प्रकरण मी लिहिलं. इंग्रजांनी आमच्यावर लादलेलं जेवढ्या कठोरपणे तपासलं, तेवढंच हेही तपासायला हवं होतं, नाहीतर सगळी उठाठेव वकिलीची झाली असती. काही घरांत त्यानंतर माझं बोलावणं बंद झालं आहे.

मधेच एक घरगुती प्रकरण उपटलं. मामाच्या मुलीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवं होतं. विमुक्त जातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा मागतात, तोही वडिलांकडच्या रक्तनात्यातला. आजोबांचं गाव म्हणावं असं गाव नाही, त्यामुळे गाव नमुना 14 मध्ये जन्माची नोंद नाही. जमीन नाही म्हणून सातबाराही नाही. होता तो एकच कागद, सेटलमेंटमधल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. तो मीच माझ्या कामासाठी मिळवला होता. जातीच्या रकान्यात स्वच्छ 'हिंदू कैकाडी' आणि पत्त्याच्या रकान्यात सेटलमेंट.

घरात मोठी वादावादी झाली. मामा म्हणाला, "जे झाकण्यात माझ्या बापाचा जन्म गेला, तेच आता साहेबाच्या टेबलावर ठेवायचं?" मामी म्हणाली, "पोरीची फी भरायची ऐपत आहे का तुमची?" मी दोघांच्या मध्ये तो उतारा घेऊन बसलेले. आजीनं मात्र तो कागद हातात घेतला, वाचता येत नसतानाही उलटसुलट करून बघितला आणि आजोबा शाळेत कसे जायचे ते सांगायला लागली. मास्तर कोण, मार कशावरून बसायचा, पाटी कुणी फोडली. हे आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. मामा गप्प झाला. अर्जाला तो उतारा जोडला, प्रमाणपत्र मिळालं. आजीनं त्या दिवसापासून माझ्या रेकॉर्डरपुढे सेटलमेंटबद्दल बोलायला सुरुवात केली. आधी तिनं मला, सख्ख्या नातीला, एक अक्षर सांगितलं नव्हतं.

व्हायवाला, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी तो जुना प्रश्न विचारला नाही. त्यांनी विचारलं, "तुम्ही आतल्या असल्यामुळे तुमच्यापासून काय लपलं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी असा सरळ फिरवून विचारला. मी म्हटलं, पुष्कळ. बाहेरच्या संशोधकाला सांगितलेली गोष्ट पुस्तकात जाते, मला सांगितलेली गोष्ट उद्या कुणाच्या सोयरिकीत आडवी येऊ शकते, हे सांगणारीला पक्कं माहीत असतं. त्यामुळे पंचायतीचं प्रकरण बायांच्या मौनाला धरून वाचावं लागतं, आणि कुठे मौन पडलं ते मी तळटीपांत नोंदलंय. बाईंनी लगेच त्यातली एक तळटीप काढून तिच्यावर पंधरा मिनिटं झोडपलं. मला ते फार आवडलं. इथं चर्चा माझ्या जातीवर चालली नव्हती, माझ्या युक्तिवादावर चालली होती.

सध्या पुढच्या कामाचा आराखडा लिहितेय. विदर्भाच्या जुन्या आठ जिल्ह्यांत, राजुरा तालुका वगळून, कैकाडी अनुसूचित जातीत मोडतात, आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातींत. बोली तीच, धंदा तोच, सोयरिकी इकडून तिकडे. माझी मावशी बुलढाण्याला दिलेली आहे. तिची मुलं एका यादीत, आम्ही दुसऱ्या. ही रेघ एकीकडे मध्य प्रांत-वऱ्हाड आणि दुसरीकडे मुंबई इलाखा व हैदराबाद संस्थान यांच्या जुन्या हद्दीवरून आली हे उघड आहे, पण राज्य एक झाल्यावर ती कुणी, कुठल्या टिपणावरून आणि काय म्हणून तशीच ठेवली, ते शोधायचंय. त्यासाठी नागपूरच्या कागदांत शिरावं लागेल. मावशीचा मुलगा म्हणतो तो सोबत येईल, कारण त्यालाही वकिलीच्या अभ्यासासाठी हेच हवंय. निष्कर्ष काय निघावा यावर आमचं दोघांचं आत्ताच वाजलंय.